विहिरीतल्या गोट्याची वलयं: पट्टा आधी, रंग नंतर

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि फोटोही मोठे करून पाहिले. भोकरदनजवळ नवी विहीर खोदताना साधारण चाळीस फुटांवर मोसंबीएवढे गोल दगड लागले. त्यातला एक घणानं फोडला तर आत कांद्यासारखी वलयं निघाली: करडी, पांढरी आणि मध्येच एक विटकरी रेघ. गावात कोणी म्हणालं हे दगड झालेलं लाकूड आहे, कोणी म्हणालं डायनासोरचं अंडं. तुम्ही विचारलंय की ही वलयं बनतात कशी, रंग कुठून येतो, आणि ऑनलाइन विकायला असतात तशा निळ्या-गुलाबी चकत्या आपल्या मातीत का निघत नाहीत.

मी तीस वर्षं जालना, बीड, परभणीकडे विहिरी आणि बोअरच्या जागा पाहत फिरले. भूशास्त्र शिकले ते पाण्यासाठी. पण विहिरीच्या काठावर पडलेल्या डबराच्या ढिगातून गारी वेचायची सवय लागली ती कायमची. आता घरी दगड कापायचं एक छोटं यंत्र आहे आणि फडताळात कापलेल्या शेकडो चकत्या आहेत. तेव्हा जरा सविस्तरच लिहिते.

हा अकीक आहे. बाजारात याला हकीक म्हणतात, ॲगेट हे नावही आता रुळलंय, आणि शेतात तो नुसता ‘गार’ नाहीतर ‘गारगोटी’ असतो. लहानपणी तुम्ही अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून आतला पिवळट उजेड पाहिला असेल, जळकट वासही घेतला असेल. ती गार आणि हा अकीक एकाच घराण्यातले. दोन्ही म्हणजे सिलिका, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग. स्फटिकाच्या गारेत सिलिकेचे कण मोठे असतात. अकीकात मात्र तीच सिलिका इतक्या बारीक तंतूंच्या रूपात असते की साध्या भिंगातून तंतू दिसत नाहीत. अशा तंतुमय सिलिकेला कॅल्सेडोनी म्हणतात, आणि कॅल्सेडोनीत पट्टे आले की तो अकीक. ओळख पटवायची असेल तर चाकूचं पातं त्यावर जोरात ओढा. दगडावर चरा पडणार नाही, उलट पात्याचं लोखंडच त्यावर करडी रेघ सोडेल.

लाकूड नाही हे कशावरून, तर झाडाची वलयं आतून बाहेर वाढतात आणि सर्वांत जुनं वलय गाभ्याजवळ असतं. अकीकात सगळं उलटं. बाहेरचं वलय सर्वांत जुनं, आणि दगड आतल्या बाजूला भरत गेलेला. अंड्याचं म्हणाल तर आपल्या देशात डायनासोरची अंडी गुजरातेत बालासिनोरकडे आणि मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात सापडली, ती गाळाच्या खडकांत. तुमचे गोटे निघाले ते लाव्हाच्या खडकातून, आणि तो लाव्हा वाहत होता तेव्हा ११०० अंशांच्या आसपास तापलेला होता.

त्या खडकापासूनच सुरुवात करू, कारण अर्धं उत्तर तुमच्या विहिरीच्या भिंतीत आहे. वर काळी माती, खाली मुरूम, मग भोकाभोकांचा, पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांचा मांजऱ्या, त्याखाली घट्ट काळा पाषाण. कुठे तो पाषाण संपल्यावर गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो आणि त्याखाली पुन्हा मांजऱ्या सुरू होतो. विहीर खोदणाऱ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी या भूमीवर लाव्हाचे पूर एकामागून एक आले. त्यांचा थिजलेला खडक आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे, आणि मराठवाडा जवळजवळ सगळा त्याच्यावर बसलेला आहे. मांजऱ्या म्हणजे एकेका पुराचा वरचा भाग, पाषाण म्हणजे त्याचा मधला भाग. तांबडा पट्टा म्हणजे दोन पुरांच्या मधल्या काळात उघड्यावर पडून कुजलेला पृष्ठभाग.

आंबवलेल्या पिठाला जशी जाळी पडते तशी लाव्हाला पडते. आतली वाफ आणि वायू बुडबुडे होऊन वर चढतात. पण वरचा पापुद्रा तोवर थिजलेला असतो, म्हणून ते त्याच्याखाली अडकून राहतात. काही एकमेकांत मिसळून मोठे होतात, काही वाहत्या लाव्हाबरोबर ओढले जाऊन चपटे होतात. भूशास्त्रात भरलेल्या पोकळीला बदामावरून नाव पडलं ते या चपट्या आकारामुळे. तुमचा गोटा हा असा एक बुडबुडा. त्याचा बाहेरचा आकार लाव्हानं ठरवला. आत जे भरलं ते लाव्हा नव्हे, ते पाण्यानं आणलं.

बेसॉल्टमध्ये, म्हणजे या लाव्हाच्या काळ्या खडकात, वजनानं जवळपास निम्मी सिलिका असते. बरीचशी खनिजांत पक्की बांधलेली, पण काही खडकातल्या काचेत असते. काच म्हणजे लाव्हाचा जो अंश इतका झटपट थिजला की त्याला स्फटिक व्हायला वेळच मिळाला नाही. ही काच पाण्यापुढे टिकत नाही. मुरलेलं पाणी तिला फोडतं आणि सिलिका घेऊन निघतं. आता गंमत पाहा. साध्या तापमानाला एक लिटर पाण्यात क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकाची गार, जेमतेम ६ ते १० मिलिग्रॅम विरघळतो, पण काचेसारखी विस्कळीत सिलिका १०० मिलिग्रॅमच्याही वर विरघळते. म्हणजे काचेतून निघालेल्या पाण्यावर क्वार्ट्झच्या हिशेबानं कितीतरी जास्त ओझं असतं. पोकळीत येऊन ते पाणी थबकलं, जरा निवलं, की ओझं उतरवतं. लाव्हाच्या मानानं हे काम थंडपणे चालतं, २०० अंशांच्या खाली आणि पुष्कळदा १०० च्याही खाली.

किती पाणी लागत असेल? मी एकदा कागदावर हिशेब केला होता. सहा सेंटिमीटर व्यासाचा भरीव अकीक म्हणजे सुमारे २९० ग्रॅम सिलिका. दर लिटरमागे ५० मिलिग्रॅम सिलिका तिथे उतरली असं धरलं तर जवळजवळ सहा हजार लिटर पाणी लागतं. आपण मराठवाड्यातली माणसं, टँकरच्या मापानं पाणी मोजतो. तर एका मोसंबीएवढ्या गोट्यात एका लहान टँकरची सिलिका आहे, आणि प्रत्येक लिटरनं आपलं सगळं ओझं तिथेच टाकलं असेल तरच. प्रत्यक्षात त्याच्या कित्येक पट पाणी खडकातून फिरलं असणार. तेही धारेनं आत गेलेलं नाही. बराचसा पुरवठा ओल्या खडकाच्या बारीक रंध्रांतून झिरपत झालेला असतो.

आता वलयं. तुमच्या फुटलेल्या तुकड्याची बाहेरची साल नखानं खरवडून पाहा. हिरवट, मातकट, किंचित गुळगुळीत पूड निघेल. हे बहुधा सेलॅडोनाइट, लोहयुक्त हिरवं खनिज. पुष्कळ पोकळ्यांत सर्वांत आधी भिंतीला हाच लेप बसतो. त्यावर कॅल्सेडोनीची पहिली तुकडी बसते. भिंतीवर ठिकठिकाणी एकेक बिंदू धरून तंतूंचे झुबके फुटतात आणि पोकळीच्या मध्याकडे वाढू लागतात. शेजारचे झुबके एकमेकांना भिडले की बाजूला जागा उरत नाही, मग सगळे मिळून एकाच दिशेला, आत, सरकतात. तंतू भिंतीला काटकोनात उभे असतात आणि पट्टे भिंतीला समांतर आडवे जातात, जसं शेतात उसाचे दांडे उभे असतात आणि पेऱ्यांची रेघ आडवी दिसते तसं. म्हणून पोकळीला जिथे खाच असेल तिथे पट्टाही वळतो. पहिला पट्टा भिंतीचा ठसा घेतो, दुसरा पहिल्याचा, आणि आत जाता जाता कोपरे हळूहळू गोल होत जातात.

पण पट्टे का? एकसारखा पांढरा थर का नाही? यावर दीडशे वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. एक जुना विचार असा की पाणी हप्त्याहप्त्यानं आलं, दर हप्त्याला एक पट्टा. दुसरा, जर्मन रसायनतज्ज्ञ लीझेगांग यांच्या नावानं ओळखला जातो. त्यांनी १८९६ मध्ये दाखवलं की जिलेटिनच्या थरात एक क्षार मिसळून त्यावर दुसऱ्या क्षाराचा थेंब ठेवला तर थेंबाभोवती आपोआप वर्तुळं उमटतात. एकच थेंब, हप्ते नाहीत, तरी वर्तुळं. त्यावरून त्यांना वाटलं की अकीकही आधी सिलिकेची जेली असावा आणि पट्टे तिच्यात नंतर उमटले असावेत. तिसरा विचार अलीकडचा, आणि मला तो जास्त पटतो. स्फटिक वाढत असताना त्याच्या तोंडाशीच एक लय तयार होते. वाढीच्या कडेला सिलिका आणि ॲल्युमिनियमसारखी अशुद्धी दाटली की तंतू भराभर, बारीक आणि दाटीवाटीनं वाढतात. त्या धावपळीत तिथली सिलिका संपते, वेग पडतो, आणि मंद वाढीत कण मोठे व स्वच्छ होतात. तोवर पुन्हा सिलिका जमा होते, पुन्हा बारीक तंतू. भूक आणि भरणं असा हा फेरा बाहेरून कोणी न हलवता चालू राहतो.

हप्त्यांच्या विचारावर माझा विश्वास डळमळला तो एका विहिरीतच. अंबडकडे एका भिंतीत वीतभर अंतरावर दोन अकीक रुतलेले होते. दोन्ही जपून काढले, कापले, घासले आणि भिंगाखाली पट्टे मोजले. पाणी हप्त्यानं आलं असतं तर शेजाऱ्यांचे पट्टे जुळायला हवे होते. एकाला दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त पट्टे होते आणि जाड-बारीकचा क्रम कुठेच मिळत नव्हता. एकाच खडकात, एकाच पाण्यात बसलेले हे दोघे आपापल्या तालानं भरत गेले होते. तेव्हा पट्टे मोजून अकीकाचं वय काढता येतं असं कोणी सांगितलं तर मानू नका. पट्टा म्हणजे वर्ष नाही, पावसाळाही नाही.

मध्याकडे जाताना सिलिकेची आवक आटते. तेव्हा तंतूंऐवजी मोठे, टोकदार, पाण्यासारखे स्वच्छ स्फटिक वाढतात. म्हणून बऱ्याच गोट्यांच्या पोटात साखरेच्या खड्यांसारखी चमक दिसते, आणि कधी मध्यभागी पोकळीही राहून जाते. या स्फटिकांत लोहाचा अंश असेल आणि खडकातल्या नैसर्गिक किरणोत्सर्गाचा त्यावर परिणाम झाला असेल तर ते जांभळे होतात, तो ॲमेथिस्ट. असा तुकडा मिळाला तर खिडकीत ठेवू नका, उन्हानं रंग उडतो.

तुमच्या तिसऱ्या फोटोत एक गोष्ट आहे, तुमच्या लक्षात आली नसेल. गोट्याच्या एका बाजूला पट्टे भिंतीबरोबर वळत नाहीत, सरळ आडवे गेलेत, जणू पातेल्यात तळाशी पाणी साचलंय. हे पट्टे तंतूंनी वाढून झालेले नाहीत. सिलिकेचे अतिसूक्ष्म कण पोकळीतल्या पाण्यात तरंगत होते, ते खाली बसत गेले, थरावर थर. बसताना त्यांनी जमिनीची पातळी धरली. गवंड्याची पाणसळ जशी, तशी ही खडकातली पाणसळ आहे. तो थर बसला त्या दिवशी आडवी दिशा कुठली होती ते तो आजही सांगतो. खडक नंतर कलला असेल तर पट्टेही तेवढेच कललेले सापडतात. ज्या गोट्यात वळणारे आणि आडवे असे दोन्ही पट्टे असतात तो माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा. बाजारात त्याला वेगळा भाव नाही, पण वाचायला त्यात सर्वांत जास्त आहे.

आता रंगाकडे येते, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपल्याला वाटतं, पांढऱ्या सिलिकेचा थर बसला, मग लाल सिलिकेचा, मग पुन्हा पांढऱ्या. तसं फार क्वचित होतं. पट्टा ही घडण आहे: तंतू किती दाट, मध्ये रंध्रं किती, कण केवढे. रंग ही पुष्कळदा नंतरची गोष्ट, आणि तो त्याच पट्ट्यात शिरतो ज्यानं त्याला वाट दिली. घट्ट पट्टा कोराच राहतो. काही वेळा लोह सिलिकेबरोबरच येऊन पट्ट्यांच्या सांध्यात लाल ठिपक्यांची ओळ धरतं, हेही खरं. पण आपल्याकडचे विटकरी-पिवळे अकीक मी जितके कापले त्यांतल्या बहुतेकांत रंग सालीकडून आणि भेगांकडून आत आलेला दिसतो.

पांढरा हा तर रंगच नाही. मिठाचा खडा पारदर्शक असतो, कुटला की पांढराशुभ्र होतो, कारण प्रकाश हजार पृष्ठभागांवर आपटून विखुरतो. अकीकातला पांढरा पट्टा तसाच, बारीक रंध्रांचा आणि वेड्यावाकड्या कणांचा. करडा निळसर पट्टा अजून बारीक घडणीचा. चुलीचा धूर काळ्या भिंतीपुढे निळसर दिसतो ना, अगदी तीच करामत. म्हणून निळसर अकीक काळ्या कापडावर ठेवला तर निळा भासतो आणि उजेडापुढे धरला तर पिवळट. त्यात निळा पदार्थ काहीच नसतो.

लाल, पिवळा, तपकिरी मात्र खरे रंग, आणि तिघांचा धनी एकच, लोह. लोहाच्या ऑक्साइडमध्ये पाण्याचा अंश बांधलेला असला की पिवळा-तपकिरी, ते गोएथाइट, म्हणजे आपली पिवडी. पाणी निघून गेलं की लाल, ते हेमॅटाइट, म्हणजे काव किंवा गेरू. काळ्या झाडासारख्या फांद्या दिसल्या तर त्या बहुधा मँगनीजच्या. शेवाळासारखे हिरवे धागे दिसतात ते सेलॅडोनाइट किंवा त्याच्यासारख्या लोहयुक्त खनिजांचे. त्यात झाडपाला काही नसतो.

हे रंग तुम्ही आधी पाहिलेले आहेत. तुमच्या गावापासून अजिंठा फार लांब नाही. तिथल्या लेण्यांच्या भिंतींवरचा लाल म्हणजे गेरू, पिवळा म्हणजे पिवडी, आणि हिरवा म्हणजे ‘हिरवी माती’, याच खडकातल्या हिरव्या लोहयुक्त खनिजाची पूड. निळा तेवढा परका, तो लाजवर्द अफगाणिस्तानातून आला. बाकीचे रंग या लाव्हाच्या खडकाचे घरचे. चित्रकारानं भिंतीवर लावले तेच रंग पाण्यानं तुमच्या गोट्यात भरले. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी लेण्यातून बाहेर येऊन वाघूर नदीच्या पात्रात बराच वेळ नुसती गोटे पाहत बसले होते.

पिवडीची काव करायला उष्णता पुरते. वीटभट्टीत मळकट माती जाते आणि लाल वीट बाहेर येते, त्यातही लोहाचंच काम आहे. गुजरातेत खंभातचे कारागीर हेच अकीकावर करत आलेत. राजपिपळ्याजवळच्या रतनपूरच्या खाणींतले मळकट पिवळे गोटे आधी महिनोन्महिने उन्हात वाळवायचे, मग मडक्यांत भरून शेणाच्या गोवऱ्यांच्या आगीत रात्रभर भाजायचे. सकाळी निघतो तो तांबडा कार्नेलियन. हडप्पा काळापासून लाल मणी याच रीतीनं बनत आलेत.

मी स्वतः हे करून पाहिलंय. परभणीकडच्या एका माळरानावरून आणलेला पिवळट-करडा अकीक घेतला, त्याच्या दोन चकत्या पाडल्या. एक तशीच ठेवली. दुसरी, आणि तिच्याबरोबर एक अख्खा गोटा, चाळलेल्या राखेत पुरून मडक्यात घातला. चकती मे महिन्यात गच्चीवर पंधरा दिवस वाळवली होती. गोटा मात्र त्याच आठवड्यात नदीतून आणलेला होता. संध्याकाळी गोवऱ्या रचून पेटवल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं पूर्ण निवल्यावर, मडकं उघडलं. गोट्याचे चार तुकडे झाले होते. आतल्या ओलाव्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट नव्हती. चकती शाबूत होती. दोन्ही चकत्या शेजारी ठेवल्या तर एकेक पट्टा ताडून पाहता येत होता. पिवळे पट्टे विटकरी झाले होते, पांढरे आणखी पांढरे, अपारदर्शक. आणि दोन पिवळ्या पट्ट्यांच्या मधला एक केसासारखा बारीक करडा पट्टा होता तसाच करडा. दोन्ही बाजूंना लोह, मध्ये तो कोराच. पट्टा आधी आणि रंग नंतर, हे मला त्या रेघेनं शिकवलं.

कृत्रिम रंग याच गुणावर चालतो. जुने पारखी दगडाचा ताजा कपचा जिभेनं ओला करायचे आणि कुठला पट्टा आधी सुकतो ते निरखायचे. जो ओल पितो तो रंगही पितो. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन गावानं एकोणिसाव्या शतकात ही विद्या पूर्णत्वाला नेली. काळा करायचा तर चकती साखरेच्या पाकात आठवडे-दोन आठवडे मुरवायची आणि मग गंधकाच्या तीव्र आम्लात घालायची. आम्ल साखर जाळतं आणि रंध्रांत कोळसा उरतो. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे जे सुलेमानी खडे अंगठीत दिसतात त्यांतले बहुतेक असेच काळे केलेले असतात. निळ्यासाठी लोहाचे दोन क्षार एकामागून एक मुरवतात आणि त्यांच्या संयोगातून रंध्रांतच निळा रंगकण तयार होतो. हिरव्यासाठी क्रोमियमचे क्षार आणि उष्णता. भडक गुलाबी बहुधा साध्या कापडाच्या रंगासारखा सेंद्रिय रंग असतो, आणि तो उन्हात फिका पडतो.

म्हणजे तुम्ही ऑनलाइन पाहिलेली निळी-गुलाबी चकती खोटी नाही, दगड खरा अकीकच आहे, पण रंग कारखान्यातला. ओळखायची खूण सांगते. रंग भेगांत आणि कडेला दाटलेला दिसतो, काही पट्टे भडक आणि लगतचे कोरे असतात, आणि अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस घासला तर सेंद्रिय रंग कधीकधी कापसाला लागतो. विक्रेत्यानं रंगवलेला आहे असं सांगून विकला तर त्यात काही वावगं नाही. न सांगता विकला तर ती फसवणूक. हे प्रयोग तुम्ही घरी मात्र करू नका. ती आम्लं आणि क्रोमियमचे क्षार जीवघेणे आहेत.

आपल्या भागाचा दगड गरीब आहे असं मात्र समजू नका. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक भाषेतला व्यापारी वृत्तान्त आहे, ‘पेरिप्लस ऑफ दि इरिथ्रियन सी’. त्यात लिहिलंय की भडोचच्या बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. आणि पैठणहून गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून, पट्टेदार अकीकाच्या जातीचा दगड मोठ्या प्रमाणात भडोचला येतो. सातवाहनांच्या राजधानीतून बैलगाड्यांनी निघालेला हा माल समुद्रापार जायचा. तेरच्या लामतुरे संग्रहालयात गेलात तर त्या काळातल्या वस्तू जवळून पाहता येतील. पैठण, तेर, तुमचं भोकरदन, तिन्ही ठिकाणी त्या काळाचे थर जमिनीत आहेत. पावसाळ्यानंतर पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेच्या, मातीत एखादा तांबडा मणी वर आलेला दिसला तर तो उचलून खिशात घालू नका. तो कुठे, कोणत्या थरात होता यालाच मोल आहे, सुट्या मण्याला नाही. पुरातत्त्व विभागाला कळवा.

पैशाचं विचाराल तर स्पष्ट सांगते. साधा करडा-पांढरा अकीक वजनावर विकला जातो आणि भाव किरकोळ असतो. विहीर सोडून गोट्यांच्या मागे लागावं इतकं त्यात काही नाही. चांगला कापलेला, आडव्या पट्ट्यांचा एखादा तुकडा हौशी माणूस हौसेनं घेतो, एवढंच. पण तुमच्या मुलांच्या शाळेत एक कापलेला गोटा आणि शेजारी एक न कापलेला ठेवलात तर भूगोलाचा एक अख्खा धडा हातात येतो.

कापायचं ठरवलं तर आधी धुळीचं नीट ऐका. अकीकाची कोरडी धूळ म्हणजे सिलिकेची धूळ. ती फुप्फुसात बसली की निघत नाही. सिलिकोसिस हा रोग त्यातून होतो आणि त्यावर बरा करणारा उपाय नाही. खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कितीतरी कारागिरांचे, आणि त्यांच्या घरात नुसत्या राहणाऱ्या बायकामुलांचेही, प्राण या धुळीनं घेतलेत. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. गावातल्या फरशीवाल्याकडे जाऊन कोरड्या ग्राइंडरवर कधीही कापून घेऊ नका. पाण्याची धार सोडून, हिऱ्याच्या पात्यानंच कापायचं, आणि खाली साचलेला चिखल वाळू न देता, ओला असतानाच उचलून टाकायचा. घणानं फोडतानाही चष्मा लावा. याच्या कपच्या काचेसारख्या धारदार असतात. आपल्या पूर्वजांनी धातू हाती यायच्या आधी याच दगडाची पाती काढून त्या पात्यांनी मांस आणि गवत कापलं, इतकी ती धार असते.

राहिला तुमचा उरलेला अख्खा गोटा. त्याची साल ओली करून सगळीकडून पाहा. कुठेतरी एका ठिकाणी पट्टे एकत्र गोळा होऊन नरसाळ्यासारखे बाहेरच्या दिशेला ओढल्यासारखे दिसतील. ती पाझराची वाट. सिलिका तिथून आत आली की आतलं पाणी तिथून बाहेर ढकललं गेलं यावर अजून एकमत नाही, पण पातं त्या वाटेतून आरपार घेतलं तर वलयं आणि ती वाट दोन्ही एकाच चकतीत येतात. आणि विहिरीच्या भिंतीत अजून एखादा गोटा रुतलेला असेल, काम करणारी माणसं आणि क्रेन बाजूला असेल, तर तो छिन्नीनं काढण्याआधी त्याच्या वरच्या बाजूला पक्क्या शाईच्या पेननं बाण काढा, आणि काठापासून किती फुटांवर होता ते कागदावर लिहून त्याच्याबरोबर ठेवा. मग तो उभा कापा, बाण वर ठेवून. आत आडवे पट्टे निघाले तर त्यांच्यावर गवंड्याची पाणसळ धरून पाहा, आणि ते किती कललेत ते मला कळवा.